चौथ्या वेळी

“मावशी, तिथं खोकला आला तर दाबू नका,” लेकाचा वकील न्यायालयाच्या जिन्यात म्हणाला. “मागच्या वेळी साहेब त्यानंच विरघळले होते.”

मावशी कठडा धरून चढत राहिली. रुग्णालयाच्या धुलाईघरात तीस वर्षं चादरींना इस्त्री करून तिची छाती खरोखरच धरली होती. पण त्या खोकल्याचं असं भांडवल होईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बायकोच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, असा आदेश तिच्या लेकाला दोन वर्षांपूर्वीच झाला होता. त्यानं तो तीनदा मोडला. एकदा दिवसभर फोनवरून धमक्या, एकदा तिच्या शिवणकारखान्याच्या फाटकाशी शिवीगाळ, एकदा घराच्या खिडकीवर दगड. दर वेळी मावशी उभी राहून म्हणाली, “हाच मला सांभाळतो. मला दुसरं कोण आहे, साहेब?” आणि दर वेळी लेक नुसती समज घेऊन हसत बाहेर आला.

चौथ्यांदा तो दार फोडून आत शिरला. सुनेचा हात दोन जागी मोडला, पाठीवर कमरेच्या पट्ट्याचे वळ उठले. मावशी वॉर्डात गेली तेव्हा सुनेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सहा वर्षांची नात आजीला पाहताच खाटेखाली शिरली.

“बाबापण आलाय?” तिनं तिथूनच विचारलं.



गुन्हा शाबीत झाला होता. आज फक्त शिक्षा ठरायची होती. वकिलानं घरच्या आजारपणाचा पाढा वाचला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

“बाई, तुम्हाला काही सांगायचंय?”

“सांगायचंय. मी आजारी आहे, हे खरं. हा मला सांभाळतो, हे खोटं. आयतं माझ्याच घरी जेवतो हा. पोटचा गोळा म्हणून मी तीनदा खोटं बोलले.”

वकिलानं तिची बाही ओढली. “मावशी, भान ठेवा.”

“भान आत्ताच आलंय.” ती न्यायाधीशांकडे वळली. “पण साहेब, मी आई म्हणून आंधळी झाले. तुम्ही तर शिकलेले. तुम्हाला कसं दिसलं नाही? तुमच्या आदेशाचा कागद तिनं दाराला आतून चिकटवला होता. कागदानं दार अडतं का?”

 न्यायाधीशांनी समोरच्या कागदांतले आधीच्या तीन वेळचे निकाल उलटून पाहिले. मग तीन वर्षांची कैद सुनावली.

पोलिसांनी त्याचा दंड धरला तेव्हा लेक पुटपुटला, “आई, घात केलास.”

“तो आधीच केला. तुला सोडवून आणून.”

बाहेर सून उभी होती, हात प्लास्टरमध्ये. मावशी पुढे झाली, पण जवळ जायचा धीर झाला नाही.

“आधी का नाही बोललात?” सुनेनं विचारलं.

 मग प्लास्टरचा हात सावरत ती जिना उतरून गेली.

शिपायानं मावशीला हाक मारली. लेकाच्या अंगावरच्या वस्तू त्यानं टेबलावर मांडल्या होत्या: घड्याळ, पाकीट, कमरेचा पट्टा. यादीखाली सही हवी होती.

मावशीनं घड्याळ घेतलं. पाकीट घेतलं.

“पट्टा राहिला,” शिपाई म्हणाला.

“तो नको.”

शिपायानं तिच्याकडे पाहिलं. मग यादीतली शेवटची ओळ खोडून त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला, आणि मावशीनं हळूहळू, एकेक अक्षर जोडत सही केली.