तीन वर्षं ‘तब्येत उत्तम’

पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली तर आमचे डॉक्टर पोट फाडत नाहीत. जांघेतून बारीक नळी घालून फुगलेल्या जागी आतून कापडाचं अस्तर असलेली जाळी बसवतात. माणूस तिसऱ्या दिवशी चालत घरी जातो आणि आम्हाला विसरतो. त्याला विसरू न देणं ही माझी नोकरी. दरवर्षी फोन करायचा, पाच प्रश्न विचारायचे, स्कॅनला बोलवायचं. कारण जाळी कधी सरकते, कडेने रक्त झिरपतं, आणि वरून काही कळत नाही.

लोक वैतागतात. “बाई, मी ठणठणीत आहे, कशाला पिडता?”

मग मी म्हणायची, “माझ्या वडिलांनाही हीच जाळी बसवलीय. दरवर्षी येतात, म्हणून तर धडधाकट आहेत.”

येत नव्हते. पहिली चार वर्षं आले, नंतर त्यांचा पाच प्रश्नांचा कागद मीच टेबलाशी बसून भरू लागले. बाबा नळदुरुस्ती करायचे, तोंडाने फटकळ. भाजी अळणी झाली, पंखा कुरकुरतो, जावई उशिरा उठतो, प्रत्येक गोष्टीची तक्रार. अशा माणसाचं पोट दुखलं तर सगळी गल्ली गोळा होईल, त्याला वेगळं काय विचारायचं? तीन वर्षं मी ‘तब्येत उत्तम’ लिहिलं आणि स्कॅनचा रकाना कोरा ठेवला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा डॉक्टरांनी सगळ्या जुन्या रुग्णांचे निकाल एकत्र मांडायला घेतले. बाबांच्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

“हे तीन वर्षं स्कॅनला आलेच नाहीत. आहेत कुठे?”

“माझ्या घरी,” मी म्हणाले. लाजेने मान वर होईना.

घरी गेले ती चपला न काढताच बाबांसमोर बसले. “बाबा, पोटात, पाठीत दुखतं का?”

“दुखतं की. वर्ष झालं.”

“मग बोलला का नाहीत? मिठावरून घर डोक्यावर घेता आणि हे गिळून बसलात?” राग माझा माझ्यावर होता, निघाला त्यांच्यावर.

बाबा खाली बघत म्हणाले, “सुट्टीच्या दिवशी तू घरून फोन करतेस, ते मला ऐकू येतं. माझा दाखला देऊन लोकांना बोलावतेस. म्हटलं, चार लोकांत तुला खोटं कशाला पाडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांना स्कॅनला घेऊन गेले.

स्कॅनमध्ये दिसलं ते असं: जाळी खाली सरकली होती, फुगा जवळजवळ दुप्पट झाला होता. आतून दुसरी बसवायला जागा उरली नव्हती. आता पोट उघडावंच लागणार होतं, आणि बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी धोका स्पष्ट सांगितला. शस्त्रक्रिया सहा तास चालली. बाबा वाचले नाहीत.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले आणि त्यांचा कागद मागितला.

“राहू द्या, मी भरतो,” डॉक्टर म्हणाले.

मी ऐकलं नाही. मृत्यूची तारीख लिहिली, कारण लिहिलं. मग वरच्या तीन ओळींतलं ‘तब्येत उत्तम’ खोडलं, तिन्ही ठिकाणी ‘विचारलं नाही’ असं लिहिलं, आणि प्रत्येकाखाली सही केली.