नीलम्माच्या मोटारीची घोंगडी

मित्रांनो, मी घोंगडी आहे. पण माझी उमेदीची वर्षं कुणाच्या खांद्यावर गेली नाहीत की कुणाच्या बाजेवर गेली नाहीत. ती एका मोटारीच्या कडेला, बांबूंवर ताणलेली, उन्हातान्हात गेली. धाराशिव जिल्ह्यात तेव्हा निजामाचा अंमल होता. त्या साऱ्या मुलखात मोटारीला बांधलेली घोंगडी मी एकटीच होते. हे सांगताना माझा ऊर जरा भरून येतो, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म येरमाळ्याचा. बिरदेव धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, त्याची बायको हरणाबाई हिच्या हातचं सूत आणि बिरदेवाचा माग. विणून झाल्यावर हरणाबाईनं चिंचोक्याची खळ शिजवून आम्हाला चोपडली आणि माळावर वाळत घातलं. खळ प्यालेली घोंगडी कशी ताठ होते, पाणी तिच्यावरून कसं निथळून जातं, ते पाऊस अंगावर घेणाऱ्यालाच कळतं. तेव्हा आम्ही चार वेगवेगळ्या घोंगड्या होतो आणि बाजारात जायची वाट बघत होतो.

आता माझ्या मालकिणीची ओळख करून देते. तिचं नाव नीलम्मा. सोलापूरच्या दवाखान्यात राहून ती सुईणपण शिकली होती. तिचा नवरा हणमंतप्पा गावोगाव उतारू नेणाऱ्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर होता. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं आणि मालकानं ती मोटार मोडीत काढली, तेव्हा हणमंतप्पानंच ती घेतली. मागच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवली. अर्धा तास पंखा फिरवून भट्टी पेटवायची, मग त्या कोळशाच्या गॅसवर गाडी धापा टाकत निघायची. आतल्या सीटा काढून त्यानं एक बाज, एक चूल आणि औषधांचं लाकडी कपाट बसवलं. नवराबायकोचा संसार आणि नीलम्माचा दवाखाना, दोन्ही त्याच गाडीत. आज बेंबळी, उद्या धाराशिव, परवा येरमाळा, असं बाजाराचे दिवस धरून ती दोघं फिरायची.

पण बाया काही मोटारीत चढेनात. मोटारीच्या पोटात गेलं की पोट पडतंय, अशी कुणीतरी आवई उठवली होती. दिवस गेलेल्या बाया लांब झाडाखाली उभ्या राहायच्या, मोटारीकडं बघायच्या आणि तशाच घरी जायच्या.

नीलम्मा म्हणाली, “अवो, त्या आत येत न्हाईत तर आपुन भाईर बसू. कडंला सावली करा.”

हणमंतप्पाला थाटाची हौस. त्यानं एका लग्नवाल्याकडून लालभडक, झालरीची कनात आणली. ती बांधल्यावर मोटार नवरदेवाच्या घोड्यासारखी दिसायला लागली. तिसऱ्याच दिवशी वारा सुटला, मागच्या भट्टीतून ठिणग्या उडाल्या आणि कनातीनं पेट घेतला. खाली एक म्हातारी दंडाचं गळू दाखवत बसली होती. नीलम्मानं तिला ओढून बाहेर काढलं म्हणून ती वाचली. कनात मात्र बघता बघता राख झाली.

त्या दिवसापासून लोक मोटारीच्या जवळूनसुद्धा जाईनात.

मग नीलम्मानं ठरवलं की आता छत आपण स्वतः पारखून घ्यायचं. येरमाळ्याच्या बाजारात तिनं मोटारीपुढं तीन वस्तू मांडल्या. सोलापुराहून आणलेली मेण चढवलेली लष्करी ताडपत्री, बुरुडानं विणलेल्या बांबूच्या तट्ट्या, आणि हरणाबाईकडून पारखायला आणलेली मी. बाजार सोडून माणसं तमाशा बघायला गोळा झाली. नीलम्मानं चिमट्यानं भट्टीतला एक रसरशीत निखारा काढला आणि ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवला. मेणाचा वास सुटला आणि कोपरा भुरकन पेटला. तट्ट्यांनी थोडा धूर काढला, मग त्याही पेटल्या. नंतर तिनं निखारा माझ्या अंगावर ठेवला.

मित्रांनो, भाजलं. खोटं कशाला सांगू? केस जळाल्याचा वास आला, एक काळी खळी पडली. पण आग पुढं सरकली नाही. निखाराच माझ्या अंगावर काळा पडून विझला.

तेवढ्यानं नीलम्माचं समाधान झालं नाही. तिनं मला दोन बैलगाड्यांच्या मध्ये बांधलं, वरून दोन घागरी पाणी ओतलं आणि भर दुपारी खाली घटकाभर बसून राहिली. मग डोकं बाहेर काढून म्हणाली, “गार हाय. आन् थेंब न्हाय आला.”

हणमंतप्पाचं तोंड उतरलं. तो हळूच म्हणाला, “अगं, लोक हसतील. म्हनतील, मोटार न्हाय, धनगराचा मेंढवाडा आलाय.”

हे हरणाबाईनं ऐकलं. कमरेवर हात ठेवून ती पुढं झाली. “अप्पा, तुमची लाल कनात कुठं हाय वो? दावा की जरा.”

सगळा बाजार हसला. हणमंतप्पासुद्धा शेवटी हसला. हरणाबाईनं मग आम्हा चौघींना कडेला कड लावून दाभणानं शिवलं आणि आम्ही एक झालो. हणमंतप्पानं टपाच्या कडेला लोखंडी कड्या ठोकल्या, पुढच्या अंगाला बांबू दिले आणि मला ताणून बांधलं. पहिल्यांदा मोटारीबरोबर उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हिच्या पत्र्याला जो मान, तो आता मलाही.

आणि एक गोष्ट नीलम्माच्याही ध्यानात आली नव्हती. आमच्या भागात घोंगडी सोवळी मानतात. देवाच्या कामाला ती चालते, लग्नात तिच्यावर बसतात. माझ्याखाली बसायला कोणत्याच सासूची हरकत नव्हती. पहिल्या बाजाराला दोघी आल्या, दुसऱ्याला अकरा. नीलम्मा त्यांच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते सांगायची, हात साबणानं धुवायला शिकवायची, आणि त्या एकमेकींत कुजबुजत हसायच्या. कितीतरी बायांनी जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते माझ्या सावलीत सांगितलं. मी ऐकलं आणि माझ्यापाशीच ठेवलं.

माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस मात्र बेंबळीला उजाडला.

फाल्गुन महिना होता. दुपारी एक बैलगाडी धावत आली. गाडीत गिरिजाबाई नावाची पहिलटकरीण होती, दोन दिवस अडलेली. सोबत तिची सासू नागूबाई. नीलम्मानं तपासलं आणि म्हणाली, “हिला आत बाजेवर घ्या. आभाळ भरून आलंय.”

“मोटारीत न्हाय,” नागूबाई म्हणाली. “माझा जीव गेला तरी मोटारीत न्हाय. या घोंगडीखालीच काय व्हायचं ते होऊ द्या.”

वाद घालायला वेळ नव्हता. बाळ वाटेवर होतं, पण आडवं सरकू पाहत होतं. नीलम्मानं चटई टाकली, हात धुतले आणि कामाला लागली. तेवढ्यात वारा उठला. हणमंतप्पानं बांबू काढले आणि माझी पुढची कड खाली ओढून जमिनीत मेखा ठोकल्या, तंबूसारखी. पाठोपाठ गारा आल्या.

लिंबाएवढ्या गारा, मित्रांनो. मोटारीच्या पत्र्यावर त्या अशा बडवत होत्या की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येईना. काचा फुटून बाजेवर सांडल्या. माझ्यावर पडणारी गार मात्र आवाज करत नव्हती. लोकरीत शिरायची, दमायची आणि घसरून खाली जायची. पण मी भिजत होते, जड होत होते. माझ्या पोटात गारांचा ढीग साचायला लागला. मी खाली बाळंतिणीवर येणार, एवढीच मला भीती. हणमंतप्पा आतून बांबूनं मला वर ढकलत राहिला. मग एक मेख उपटली आणि माझा एक कोपरा सुटून फडफडायला लागला.

तो कोपरा नागूबाईनं धरला. पासष्टीची बाई, पण दोन्ही मुठींत मला आवळून, पाय रोवून, बाहेर गारांत उभी राहिली. गारा तिच्या डोक्यावर, पाठीवर फुटत होत्या.

“आत या वो म्हातारे!” हणमंतप्पा ओरडला.

“मी सोडली तर हिच्यावर पडंल ना ते समदं!” ती तिकडून ओरडली. “तुमी तुमचं बघा!”

आत नीलम्मा घामानं भिजली होती. तिनं एका हातानं बाहेरून पोट चेपत बाळ हळूहळू फिरवलं. “आता कळ दे, गिरिजा. माझ्या आये, एकच. आता!”

गारा थांबल्या आणि मुलीचं रडणं ऐकू आलं. दोन्हींतलं आधी काय झालं ते मलाही सांगता येणार नाही. माझी शिवण दोन जागी उसवली होती, पण आत एक गार पडली नव्हती. नागूबाईची बोटं इतकी गारठली होती की मला सोडायला ती उघडेनात. नीलम्मानं ती आपल्या हातांत धरून चोळली. म्हातारी नातीकडं बघत म्हणाली, “पुढच्या खेपंला मोटारीत बी बसू, बाई.” आणि ती खरंच बसली. तिच्यामागून सगळं बेंबळी मोटारीत चढायला शिकलं.

पाच वर्षं मी अशी उभी राहिले. नंतर सत्तेचाळीसचा हिवाळा आला. बाहेर देश मोकळा झाला होता, आमच्याकडं निजामाचंच राज्य होतं आणि रझाकारांच्या धास्तीनं गावं ओस पडत होती. हणमंतप्पाची मोटार माणसं भरभरून निजामाच्या मुलखाबाहेर, बार्शीकडच्या हद्दीत नेऊ लागली. तिथं उघड्यावर छावणी होती. एका संध्याकाळी आम्ही चार कुटुंबं उतरवली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेली माणसं. लेकरांचे दात वाजत होते.

नीलम्मानं मला टपावरून खाली काढायला लावलं आणि माझी शिवण उसवायला घेतली.

“अगं, दवाखान्याचं छत हाय ते!” हणमंतप्पा म्हणाला.

“दवाखान्याचं उद्या बघू,” ती म्हणाली. “ही लेकरं आज गारठल्याती.”

अंधार पडायच्या आत आम्ही पुन्हा चौघी झालो आणि चार कुटुंबांकडं गेलो. मी त्यांतली एक. बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत. वाईट वाटलं, पण त्या संध्याकाळी माझ्याखाली तीन पोरं बिलगून झोपली, तेव्हा मी मोटारीच्या कडेपेक्षा कमी उंचीवर होते असं मला एकदाही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी निजामाचं राज्य गेलं. माणसं गावी परतली, मीही त्यांच्याबरोबर बेंबळीजवळच्या एका घरात आले. माझी पहिल्यासारखी गरज उरली नाही. ज्वारीच्या कणगीमागं मला घडी करून टाकलं. दिवस गेले. कसर लागली, दोन भोकं पडली. वाटलं, आपलं संपलं.

मग एकदा त्या घरातल्या सुनेला बघायला नीलम्मा आली. आता सरकारी दवाखान्याची नोकरी, डोळ्याला चष्मा. तिची नजर कणगीमागं गेली. घरची बाई शिवकांता ओशाळली. “बाई, ही तुमचीच की वो. द्यायची राहूनच गेली. घिऊन जावा.”

नीलम्मानं मला उचललं. घडी उलगडली, पालथी केली, बोटानं भोकं चाचपली. मग मला शिवकांताच्या हातात परत दिलं.

“असू द्या तुमच्याकडंच,” ती म्हणाली. “फकस्त उनात टाकत जावा. आन् घडीत लिंबाचा पाला ठिवा. लई कामाची हाय ती.”

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी अशी एखादी वस्तू कोपऱ्यात पडली असेल. तिनं काय काय पेललंय ते तुम्हाला ठाऊक नसेल. तिला निदान बाहेर काढा, झटका, ऊन दाखवा. आम्हाला एवढं पुरतं.

नीलम्मा गेल्यावर शिवकांतानं मला अंगणात नेलं आणि कुंपणावर पसरलं. दिवस कलेपर्यंत मी तिथंच होते, चांगली तापलेली, ताठ.