कल्याणचे दात

दुसरी जर्मनची लढाई लागायच्या आदल्या सालातली गोष्ट. मी गोजर, शहापूरकडची धवलारीण. आमच्यात धवलारणीनं धवला, म्हंजे लग्नाचं गाणं, गायल्याबिगर नवरीला हळद चढत नाय. पण माझे मेले दात एकेक करून गेले, आणि मी बोळक्या तोंडानं धवल्यातली देवांची नावं घ्यायला लागले तशा बाया पदराआड हसायला लागल्या. त्यातच नातीचं, कमळचं, लग्न चैतात ठरलं. तिची हळद मीच गाणार, हे मी घरात बजावून ठेवलं होतं.

आमच्याच गावची दुसरी धवलारीण जना. तिचं तोंडही बोळकं. ती म्हशाच्या जत्रेत एका दातवाल्यापुढं बसली. त्यानं एकाच बैठकीत साचा घेतला, मेण चावायला लावलं आणि मुरबाडच्या पुढच्या बाजाराला दात हातात ठेवले. आणि ही बया ते घालून भर बाजारात धवला गायली! ती गात गेली, अडलं तिथं तो कानशीनं दात घासत गेला. ना मांडव, ना नवरी. शरम कशी वाटली नाय हिला, कोण जाणे.

माझा दामू कसाऱ्याला रेल्वेत. तो बोलला, "आये, जत्रेतले दात नकोत. कल्याणच्या डॉक्टरकडं रीतसर करू." मग आसनगाववरून गाडीनं खेपा सुरू झाल्या. आधी एक साचा, मग त्यावरून दुसरा नेमका साचा, मग मेण चावून जबडा जुळवायचा, मग मेणात बसवलेले दात लावून बघायचे. त्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "आजी, रोजचं काहीतरी बोलून दाखवा. एकदा दातांखालचं रबर शिजून कडक झालं की मग फारसं बदलता येणार नाही."

"आये, धवला म्हण," दामू बोलला.

"इथं? कोनाची हळद हाय इथं?" मी त्याच्यावर खेकसले. "धवला म्हंजे काय जात्यावरची ओवी हाय, कुठंबी म्हणायला?"

मी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. डॉक्टर खूश झाला.

दात आले ते देखणे. भाकरी चावत होते, सुकट चावत होते. जनाचे पिवळट आणि वाकडे. मी तिला तोंडावर बोलले, "जने, घोड्याचे बसवलेस का गो?"

हळदीला कमळ पाटावर बसली. मी लांब सूर लावायला तोंड उघडलं आणि वरची कवळी खालीवर आपटली, खट. अंगठ्यानं वर दाबली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा खट. तोंड अर्धंच उघडून गायले तर देवाचं नाव आतच राहिलं. काढून ठेवावी तर पुन्हा तेच बोळकं. नवऱ्याकडच्या बाया माना खाली घालून हसत होत्या. आग लागो त्या कल्याणला.

कमळ हळूच बोलली, "आजे, पुरे कर गो. माझ्या लग्नाचं हसं होतंय. जनाआजीला गाऊ दे."

मी दामूकडं बघितलं. तो खाली बघत होता.

जनानं बसल्या जागेवरून, मी सोडला तिथनंच धवला उचलला. हळद चढायला लागली. मी कान देऊन बसले, कुठं चुकते ते धरायला. एक शब्द चुकला नाय. चुकेल कशी, तो धवला मीच शिकवलाय तिला.