नऊ दिवसांची शून्यं

आमच्या कार्यालयाच्या दारावर पाटी आहे: ‘पदव्युत्तर विद्यार्थी व्यावसायिक विकास व साहाय्य’. पाटी दारापेक्षा रुंद आहे आणि आतली खोली एवढीशी. या खोलीत मी एकोणीस वर्षं पीएच.डी.च्या पोरांना बायोडेटा लिहायला, मुलाखतीत खुर्चीवर सरळ बसायला आणि पाच वर्षांचं संशोधन तीन मिनिटांत सांगायला शिकवते आहे. सगळे मला डॉक्टर एनित म्हणतात. आमच्या बार्रांकिया शहरात इस्त्रीचा सदरा घातलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यात माझं कर्तृत्व काही नाही. माझी स्वतःची पीएच.डी. अर्ध्यावर राहिली. ज्यांच्या हाताखाली ती राहिली त्या डॉ. आर्नुल्फो विस्बाल यांनीच मला ही नोकरी दिली, आणि ते आता आमच्या पदव्युत्तर विभागाचे प्रमुख आहेत. दर डिसेंबरात माझं कंत्राट त्यांच्या सहीने वर्षभर वाढतं. त्यांचे उपकार मी कधी विसरले नाही, नाताळाला त्यांच्या घरी न चुकता केक पाठवते.

‘तीन मिनिटांत प्रबंध’ ही स्पर्धा दरवर्षी ऑक्टोबरात असते. पडद्यावर एकच चित्र, बोलायला तीन मिनिटं, आणि भाषा अशी की कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्यालाही कळावी. या वर्षी अंतिम फेरीत सहा जण होते, आणि त्यांत दानेलिस पाचेकोवर माझा जीव होता. किडकिडीत, शेजारच्या सोलेदाद गावची, जिभेला हाड नसलेली पोरगी. ती विस्बालांची विद्यार्थिनी. पुढच्या महिन्यात तिची तोंडी परीक्षा होती, ती झाली की डॉक्टर, खरीखुरी.

सोमवारी सकाळी ती सरावाला आली. मी काळ्या कॉफीचे दोन चिमुकले पेले भरले आणि घड्याळ लावलं.

“कल्पना करा,” ती म्हणाली, “तुम्ही जाळं टाकता आणि तळ्यातले सगळे मासे नऊ दिवसांसाठी नाहीसे होतात. दहाव्या दिवशी परत हजर. जणू कुठे सुट्टीवर गेले होते.”

“छान,” मी म्हटलं. “सुट्टीवर जरा थांब, लोक हसतील.”

मग तिने चित्र लावलं. एक आलेख होता, कोपऱ्यात ‘केंद्र तीन, २००१ ते २००४’ असं लिहिलेलं. निळी रेघ वर-खाली जात होती आणि पाच ठिकाणी एकदम तळाला टेकून, थोडं अंतर सपाट जाऊन, परत वर येत होती.

मी पेला खाली ठेवला. मला वाटलं आपल्याला भास होतोय. ईस्टरच्या पवित्र आठवड्याच्या आधीच्या बुधवारी रेघ सगळ्यात उंच चढली होती, आणि तो आकडा मला कुणी सांगायला नको होता. तीनशे बारा माळा. बोकाचिको मासे माळेत ओवून काठावर आणतात, आणि त्या दिवशी त्या सगळ्या माळा मी एकटीने मोजल्या होत्या. माझ्या हातांना आठवडाभर मासळीचा वास येत होता.

“या नोंदी कुणाच्या?” मी विचारलं.

“विस्बाल सरांच्या. ते स्वतः प्लायोनला राहून आलेत ना. तीन वर्षं, झुल्यावर झोपून. आम्हाला वर्गात सांगतात.”

“एक रात्र,” मी म्हटलं. “डास चावले म्हणून सकाळच्या होडीने परत गेले.”

ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिचं हसू विरलं.

मी तिला सांगितलं. प्लायोनच्या तळ्याकाठी चौदा महिने मी राहिले, दोमितिला नावाच्या बाईच्या घरात. रोज संध्याकाळी होड्या आल्या की माळा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. २००२च्या एप्रिलमध्ये विस्बालांनी मला बोलावून घेतलं. नोंदी विसविशीत आहेत, यातून प्रबंध होणार नाही, असं ते म्हणाले. नंतर म्हणाले की कोठाराला पाणी लागून वह्या खराब झाल्या. मी रडले, आणि त्यांनी मला रुमाल दिला. त्यानंतर माशांवरचं एक पानसुद्धा मी वाचलं नाही. म्हणून माझ्या वह्यांवर उभे राहिलेले त्यांचे इतके शोधनिबंध माझ्या डोळ्यांआड राहिले. आज हे बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता.

“म्हणजे चोरी,” दानेलिस म्हणाली.

“थांब, याहून वाईट आहे,” मी म्हटलं, आणि पडद्याजवळ जाऊन पहिल्या खड्ड्यावर बोट ठेवलं. “हा म्हातारा त्रान्सितो. जाळी विणायचा. हा दुसरा, ते दोघे भाऊ, होडी उलटून गेले ते. प्लायोनमध्ये माणूस गेला की मयताच्या घरी नऊ रात्री प्रार्थना असते. अख्ख्या गावाला सुतक. नऊ दिवस कुणी तळ्यात जाळं टाकत नाही. मासे कुठेही गेले नव्हते, पोरी. मोजायला कुणी आणलेच नव्हते.”

तिची पाच वर्षं. पाण्यातला प्राणवायू, चंद्राच्या तिथ्या, माशांच्या हालचालींची गणितं, सगळं तिने त्या नऊ दिवसांवर रचलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मग तुम्ही शून्य का लिहिलं?” तिने विचारलं.

“काय?”

“रकाना रिकामा का नाही सोडला? मोजलं नाही तर रिकामा सोडतात. शून्य म्हणजे मोजलं आणि मासा मिळाला नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे, डॉक्टर.”

मला कुणी कानाखाली मारल्यासारखं झालं. मी शून्य का लिहिलं? कारण तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. कारण प्रार्थनेच्या घरी मी पण बसले होते, कॉफी वाटत होते, आणि संध्याकाळी वहीत एक गोल काढायला कितीसा वेळ लागतो. विस्बालांनी जे चोरलं ते म्हणजे माझी चूकच होती. हे मला पचवताच येईना.

दानेलिस मात्र पडद्याकडे बघत होती. “तुम्ही एप्रिल २००२मध्ये निघालात,” ती सावकाश म्हणाली. “ही रेघ मे २००४पर्यंत जाते.”

मी पाहिलं. खरंच जात होती. माझ्यानंतर दोन वर्षं कुणीतरी रोज मोजत होतं.

प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या दानेलिसकडेच असायच्या. मंगळवारी ती दार लोटून आत आली आणि टेबलावर तीन वह्या ठेवल्या. कोरड्या ठणठणीत. पाण्याचा एक डाग नव्हता. दोन माझ्या अक्षरातल्या. तिसरी उघडली आणि मी खुर्चीत बसले.

अक्षरं मोठी, एकेक वेगळं, रेघेच्या वर-खाली जाणारी. दोमितिलाला लिहायला मी शिकवलं होतं, पावसाच्या दिवसांत, काही काम नसायचं म्हणून. वहीच्या पुठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं: ‘कुमारी एनित काब्रालेस, विद्यापीठ, बार्रांकिया.’ पत्ता एवढाच. वही पोचली होती. फक्त माझ्यापर्यंत नाही.

“हे पान बघा,” दानेलिस म्हणाली. तिने वाचलं नाही, नुसतं पुढे सरकवलं.

नऊ शून्यं एकाखाली एक होती. त्यांच्या बाजूला लिहिलं होतं: ‘बाई, हे नऊ दिवस काही नाही. माझा एलिएसेर गेला. तुम्ही सांगितलं होतं रकाना मोकळा ठेवू नको, काही नसलं तर शून्य लिही. तशी लिहिली. तुम्ही कधी येणार?’

एलिएसेर तिचा नवरा. मला होडी वल्हवायला शिकवणारा. तो गेल्याचं मला वीस वर्षांनी, ऑफिसात पंख्याखाली बसून कळत होतं.

आणि त्या ओळींच्या शेजारी शिसपेन्सिलीने एक बारीकशी बरोबरची खूण होती. खाली दोन अक्षरं, आ. वि. एकोणीस वर्षं दर डिसेंबरात माझ्या कंत्राटावर पडलेली तीच सही.

“वाचलं होतं त्यांनी,” दानेलिस म्हणाली. “आमच्या तक्त्यात शेऱ्याचा रकानाच नाही. गाळून टाकलाय.”

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. एकोणीस वर्षं पोरांना सल्ले देऊन जी सवय लागते तीच तोंडाला आली. “हे बघ,” मी म्हटलं, “शुक्रवारी स्पर्धेत दुसरं एखादं चित्र लाव. महिन्यावर परीक्षा आलीये. ती होऊ दे. हातात पदवी आली की मग बघू. आत्ता बोललीस तर पाच वर्षं पाण्यात जातील.”

तिने वही मिटली. “हे कितव्या सत्रात शिकवता, डॉक्टर? बायोडेटाच्या आधी की नंतर?”

वही उचलून ती निघून गेली. मी तिला हाक मारली नाही.

शुक्रवारी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत विस्बाल, पांढरा सदरा, गुडघ्यावर टोपी. परीक्षक तिघे, बाहेरून आलेले. मी बाजूला, घड्याळ घेऊन. दानेलिस चौथी होती. तिने आलेख लावलाच नाही. पडद्यावर ते पान आलं, सभागृहाच्या भिंतीएवढं मोठं, दोमितिलाची वाकडी अक्षरं हातभर उंच.

तिने ते वाचून दाखवलं, शब्दन् शब्द. मग म्हणाली, “माझा प्रबंध म्हणतो की या नऊ दिवसांत मासे तळं सोडून जातात. मासे तिथेच होते. माणसं मेली होती. पुढच्या महिन्यात माझी परीक्षा होती. आता ती होणार नाही, कारण मला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.”

अजून दीड मिनिट बाकी होतं. ती खाली बसली.

परीक्षकांतल्या एका म्हातारीने चष्मा काढला. “एक प्रश्न,” ती म्हणाली. “या बाईला शून्य लिहायला कुणी सांगितलं? ही ‘बाई’ कोण?”

दानेलिस जागेवरून उठली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी नाव घेतलं नाही तर ते कुणी घेणार नव्हतं, हे मला त्या क्षणी उमगलं, आणि मी घड्याळ खाली ठेवलं.

“मी,” मी म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. “मी एनित काब्रालेस. पहिल्या दोन वह्या माझ्या आहेत. शून्य ही माझी चूक. तिसरी वही माझ्या नावाने आली होती, ती मला कधी मिळाली नाही. त्या पानावर पेन्सिलीची जी खूण आहे ती डॉक्टर विस्बालांची आहे.”

“एनित,” विस्बाल बसल्या जागेवरून, अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ही ती जागा नव्हे.” त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढून गुडघ्यावर ठेवली.

पुढच्या गोष्टी लवकर झाल्या. स्पर्धा अर्ध्यावर थांबली. एक चौकशी समिती बसली, ती अजून बसलेलीच आहे. दानेलिसची परीक्षा रद्द झाली. मला कुणी काही म्हणालं नाही, पण डिसेंबर तोंडावर आहे आणि कंत्राटाचा कागद अजून आलेला नाही.

त्या शुक्रवारी सभागृह रिकामं झाल्यावर दानेलिस बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ती नुसती थकलेली दिसत होती. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला तोंड उघडलं, तर तिनेच विचारलं.

“जानेवारीत प्लायोनला जाते म्हणते. पहिल्यापासून मोजायचं, सुतकात रकाना रिकामा सोडून. राहायला दोमितिलाकडे जागा होईल का हो?”

दोमितिला आहे का, ते घर आहे का, मला काही माहीत नव्हतं. बस आणि पुढे होडी धरून तिथे जायला इथून चार तास लागतात, आणि वीस वर्षांत मी एकदाही गेले नव्हते.