दुसरी फ्लॉपी

बन्सीलाल आणि पुना यांनी जळगावात ठिबक सिंचनाचे आराखडे काढून देण्याचं काम भागीदारीत सुरू केलं होतं. दोघेही धुळ्याला एका वर्गात शिकलेले. शेतावर जाऊन जमिनीचे चढउतार मोजायचे, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नळ्यांचा नकाशा काढायचा, तो घेऊन परत शेतावर जायचं. तिथे शेतकरी म्हणायचा, नवीन बोअर दुसऱ्या कोपऱ्यात घेतलीय. पुन्हा जळगाव गाठायचं. म्हणून अठ्ठ्याण्णव साली त्यांनी ठरवलं, लॅपटॉप घ्यायचा आणि नकाशा बांधावर बसूनच बदलायचा.

नाशिकच्या दुकानात दोन मशीन त्यांच्यासमोर ठेवली. एक जाड, काळं, उचलताना मनगट खाली ओढणारं. दुसरं वहीसारखं सपाट, चंदेरी. बन्सीलालनं ते एका हातावर तोललं आणि त्याचा चेहराच खुलला. दिवसभर मोटारसायकलवर फिरताना पाठीवर ओझं त्यालाच घ्यावं लागणार होतं, त्यामुळे त्याची ओढ अगदीच चुकीची नव्हती.

पुनानं जळगावहून दोन फ्लॉप्या आणल्या होत्या. पहिलीत एका शेतकऱ्याच्या केळीच्या बागेचा नकाशा होता. तो दोन्ही मशीनवर झटकन उघडला.

"बघ," बन्सीलाल म्हणाला.

"थांब, यात रॅम नंतर वाढवता येते का?" पुनानं विचारलं.

"या जाड्यात येते. पातळ्यात आहे तेवढीच," दुकानदार म्हणाला.

"मग ही दुसरी फ्लॉपी लावून बघू. भडगावच्या शेतकऱ्यांच्या सोसायटीचा कच्चा नकाशा आहे. मोठा आहे, त्यातच कळेल."

बन्सीलालनं घड्याळ पाहिलं. "गाडी चुकेल रे. असला मोठा नकाशा वर्षातून एखादाच. रोजची कामं लहानच असतात ना?"

पुनानं फ्लॉपी पुन्हा खिशात ठेवली. पातळ मशीन बांधून घेऊन दोघे स्टेशनकडे धावले.

पुढचे काही महिने बन्सीलालचंच खरं ठरलं. पारोळ्याच्या बाजूला बांधावर मशीन उघडलं की शेजारचे शेतकरीही गोळा होत. बसल्या जागी नळीची जागा बदललेली पाहून नवी कामं मिळू लागली.

मग भडगावच्या सोसायटीची सभा आली. गिरणेचं पाणी उचलून बऱ्याच शेतांना एकत्र ठिबक द्यायचं, असं ते मोठं काम होतं. पुनाचे मामा झुलालनाना सोसायटीचे अध्यक्ष. त्यांच्याच शब्दावर या दोघांना बोलावलं होतं. निघण्यापूर्वी पुना म्हणाला, "नकाशा कागदावरही काढून नेऊ." बन्सीलाल हसला. "कागदच दाखवायचे तर हे कशाला घेतलं?"

मे महिन्याची दुपार होती. सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेतकरी दाटीनं बसलेले. बन्सीलालनं ती दुसरी फ्लॉपी घातली आणि नकाशा उघडायला घेतला. पडद्यावर नदी उमटली, दोन-चार बांध उमटले, आणि चित्र तिथेच अडकलं. त्यानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. खालचा भाग हात ठेववेना इतका तापला होता.

"काय व्हयनं, भाऊ?" नानांनी विचारलं. "बठ्ठा लोक बशेल शेतस. कागदवर काही लयेल शे का?"

कोणीतरी मागून हसलं. बन्सीलालच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता. तो म्हणाला, "मशीन चांगलं आहे हो नाना. पुनानं फाइलच नीट केलेली नाही."

सगळ्यांनी पुनाकडे पाहिलं. ती त्याच्या आजोळची माणसं होती, लहानपणापासून त्याला ओळखणारी. पुनानं नानांना एवढंच सांगितलं, "आठ दिवसांत कागदावर आणून देतो."

जळगावला आल्यावर बन्सीलालनं तीच फ्लॉपी एका मित्राच्या मोठ्या कॉम्प्युटरवर घातली. नकाशा अखेरच्या नळीपर्यंत बिनचूक उघडला. त्याच क्षणी त्यानं पुनाकडे जायला हवं होतं. पण उद्या बोलू, काम मिळालं की बोलू, असं तो करत राहिला.

काम मिळालं. पुनानं आपल्या वाट्याचं सगळं चोख उभं केलं, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचलेलं पाहिलं आणि मग भागीदारी सोडली. सासुरवाडीला, पिंपळनेरला, त्यानं मोटारपंपांचं दुकान टाकलं.

बन्सीलाल एकटा पडला. मोजमापं त्याला जमत, पण नकाशासमोर बसून वाद घालायला कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो पिंपळनेरला गेला. पुनानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"फाइल बरोबर होती, पुना. मला तेव्हाच कळलं होतं."

"मलाही माहीत होतं," पुना म्हणाला. "मला सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग."

"परत येशील?"

"नाही रे. इथं बरं चाललंय." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो उठला.

बन्सीलाल भडगावला गेला. झुलालनानांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"माले तवयच समजनं व्हतं," ते म्हणाले. "तुम्ही सांगशात म्हनीसन मी वाट देखी. आते माले नका सांगा, सभामा बठ्ठास्ले सांगा."

सोसायटीच्या पुढच्या सभेत नानांनी त्याला उभं केलं. बन्सीलालनं सांगितलं की त्या दिवशी दोष मशीनचा होता, ते मशीन त्यानंच हट्टानं निवडलं होतं, आणि पुनाची काहीच चूक नव्हती.

माणसं एकमेकांकडे बघू लागली. "कोणतं मशीन?" पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं. दुसऱ्याला सभा आठवत होती, पण कोण काय बोललं ते आठवत नव्हतं. तिसरा म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, साहेब. आमच्या बांधावरचा व्हॉल्व्ह गळतोय, तेवढं बघता का?"

बन्सीलालनं नानांकडे पाहिलं. नाना जमिनीकडे बघत होते. मग तो त्या माणसामागोमाग व्हॉल्व्ह बघायला शेताकडे निघाला.