चार बोटांवरचा मुलगा

मी एक जुना पत्र्याचा पृथ्वीगोल आहे. मित्रांनो, सगळे जग अंगावर वागवणाऱ्याला केवढा मान असेल, असे तुम्हाला वाटेल. मी सध्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका पडवीत, फाटक्या जाळ्यांमागे पडून आहे.

मला शिकागोच्या कारखान्यात पत्र्याच्या दोन वाट्या जोडून बनवले. चर्चमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून ब्राइड हाइन्सने मला घरी आणून चुलीजवळच्या खिडकीत बसवले. पुढे समुद्रातला कॉड मासा संपत आला, मासेमारी बंद झाली आणि गावातली तरणी माणसे विमानाने दूर पश्चिमेला तेलाच्या खाणींवर जाऊ लागली. काही आठवडे तिकडे, थोडे दिवस घरी. ब्राइडचा मुलगा लिओही गेला आणि माझे भाग्य उजळले. ब्राइड मोज्यांची लोकर माझ्यावर आमच्या सेंट जॉन्सपासून लिओच्या खाणीजवळच्या फोर्ट मॅकमरीपर्यंत ताणून धरायची.

"चार हजार किलोमीटर म्हणे! चार बोटं तर आहेत. यात मोज्याची टाचसुद्धा व्हायची नाही."

"आई, तुझ्या लोकरीला दोनदा विमान बदलावं लागत नाही," लिओ हसायचा.

"गप रे! जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. आपली माणसं घरी आणायचं वाऱ्यालासुद्धा कळतं."

ते खरेच होते. येताना विमान लवकर पोहोचायचे. हळूहळू साऱ्या घरालाच वाटू लागले, की लिओ हाकेच्या अंतरावर आहे.

एका जूनमध्ये ब्राइडच्या छातीत पाणी झाले. सून फिलोमिनाने फोन उचलला, तर म्हातारी कडाडली.

"ठेव तो! लिओची कामाची पाळी संपायला चार दिवस राहिलेत. मध्येच आला तर त्याची जागा दुसरा कोणी घेईल."

"आई, तुम्हाला श्वास घेता येत नाहीये."

"ओरडायला येतोय ना? मग! बोलावशील तेव्हा संध्याकाळच्या चहाला हजर होईल तो."

फिलोमिनाने माझ्याकडे पाहिले आणि फोन ठेवला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

दोन दिवसांनी ब्राइडचे ओठ निळे पडले, तेव्हा फिलोमिनाने लिओला बोलावले. तो मिळेल त्या विमानाने निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सेंट जॉन्सवर धुके उतरले, इतके दाट की अंगणातले कुंपण दिसेना. तेवढ्यात छपरावरून विमानाची घरघर आली. ब्राइडने डोळे उघडले.

"आला बघ लिओ. किटली ठेव."

फिलोमिनाचा जीव भांड्यात पडला. तिने किटली ठेवली. घरघर घरावरून एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. मग लांब लांब होत थांबली. धुक्यात उतरता येईना म्हणून विमान समुद्रापलीकडच्या हॅलिफॅक्स शहराकडे वळले होते. अंधार पडायच्या आत ब्राइड गेली.

लिओ दोन दिवसांनी घरी पोहोचला. "आधी का नाही बोलावलंस?" एवढेच त्याने विचारले. फिलोमिनाला रडूच फुटले. मग त्याने मला उचलून पडवीत टाकले. मला राग नाही आला.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. दोन गावांमध्ये अंतर किती, ते मला खुशाल विचारा. पण घरात कोणाचा श्वास अडकला असेल, तर मला विचारत बसू नका. त्या दुपारी लिओ आईच्या डोक्यावर होता आणि तरी तो पोहोचला नाही.