अकरा दिवस उघडी राहिलेली फाइल

टायपिंगच्या दुकानात बसणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली टकटकराव म्हणायची. त्याच्या बोटांचा वेग असा की एकदा अर्ज लिहून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला शिंक आली, तर शिंक नाकाबाहेर पडायच्या आत ती अर्जात टाइप झाली, आणि गिऱ्हाइकाने रुमाल काढेपर्यंत कंट्रोल-झेड मारून पुसूनही झाली. हे खोटं वाटत असेल तर त्याचा कीबोर्ड बघावा. एकाही बटणावर अक्षर शिल्लक नव्हतं. आंधळ्याने पियानो वाजवावा तसा तो माणूस गुळगुळीत बटणांवर हात चालवायचा.

पण त्याचा खरा जीव होता दोनच जोड्यांवर. कंट्रोल-झेड, म्हणजे केलेलं मागे घ्या. कंट्रोल-वाय, म्हणजे मागे घेतलेलं पुन्हा आणा. इतर लोक या बटणांना सोय म्हणतात. टकटकराव त्यांच्या भरवशावर जगत होता. घरी पाण्याचा पेला कलंडला तरी आधी त्याचा डावा हात हवेत त्या दोन बटणांच्या जागी जायचा, मग फडक्याकडे.

तर अशा या माणसाने अकरा दिवस दुकानातला संगणक बंद केलेला नव्हता. वर चिठ्ठी डकवली होती : ‘बंद करू नये. हात लावू नये. बघूसुद्धा नये.’ संगणकाचा डबा इतका तापला होता की शेजारच्या किराणावाल्याची मांजर येऊन त्याच्या पाठीशी व्याली. चार पिल्लं. त्यांचे डोळे उघडले, ती टेबलभर रांगायला लागली, तरी फाइल उघडीच.

कारण ती मिटली असती तर मागे जायची वाट मिटली असती. आणि त्या वाटेवर, अकरा दिवस मागे, एक परिच्छेद पडलेला होता.

परिच्छेद होता सरांचा. हे सर विज्ञान शिकवायचे, आता ऐंशी ओलांडलेले. नजर जवळजवळ गेलेली, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. रोज तीनच्या ठोक्याला काठी टेकत यायचे आणि आपल्या आठवणी सांगायचे. टकटकराव त्या टाइप करायचा. आपण याच सरांच्या शाळेत होतो, हे त्याने त्यांना सांगितलं नव्हतं. पाचवीतच तर होता. सर वरच्या वर्गांना शिकवायचे, ते कशाला ओळखतात!

अकरा दिवसांपूर्वी सरांनी घसा साफ केला आणि सांगितलं :

‘चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एकाच मुलीवर अन्याय केला. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक फुटला. ती पुढे आली आणि म्हणाली, माझ्या हातून पडला. मी तिला विज्ञानाच्या वर्गातून काढले. तिने शाळाच सोडली. पुढे माझ्या लक्षात आले की त्या वेळी ती प्रयोगशाळेत नव्हतीच. ती कोणाला तरी पाठीशी घालत होती. कोणाला, ते मला कळले नाही. मी तिला फार शोधले. ती हे वाचत असेल, तर तिने मला क्षमा करावी आणि एकदा भेटावे.’

टकटकरावाची बोटं हे सगळं टिपत होती आणि मान खाली जात होती. मुंगीचे पाय केवढे दिसतात ते बघायला, मधल्या सुट्टीत, खिडकीतून चढून प्रयोगशाळेत गेलेला पाचवीतला पोरगा तोच होता. आणि ती मुलगी त्याची ताई. आज दोन गल्ल्या पलीकडे लोकांचे कपडे शिवणारी, आणि रोज दुपारी एक वाजता, भाऊ बाहेरचं खातो म्हणून, न चुकता डबा आणून देणारी.

सर गेले. टकटकरावाने परिच्छेदावर निळा पट्टा ओढला आणि एक बटण दाबलं. गेला. लगेच कंट्रोल-झेड. आला. कंट्रोल-वाय. गेला. संध्याकाळपर्यंत तो परिच्छेद इतक्या वेळा आला-गेला की मध्ये दार असतं तर त्याला वंगण घालावं लागलं असतं. शेवटी गेलेला असताना दुकान बंद करायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुढचं सांगितलं, त्याने पुढचं टाइप केलं. आणि तिथेच तो अडकला. संगणकाला ‘नववं पान तेवढं परत दे’ असं सांगता येत नाही. तो उलट्या क्रमाने जातो. शेवटचं आधी, त्याच्या आधीचं मग. मधलं सगळं उसवत गेल्याशिवाय त्या परिच्छेदापर्यंत पोचता येत नव्हतं.

आठवून पुन्हा लिहावा, असंही त्याने करून पाहिलं. पहिल्या खेपेला लिहिलं गेलं : ‘एकदा शाळेत काही मोडतोड होऊन एका मुलीची गैरसोय झाली.’ दुसऱ्या खेपेला सूक्ष्मदर्शक आपोआप पडला. तिसऱ्या खेपेला तो मुळातच तडकलेला निघाला. सरांचे शब्द त्याला पाठ होते, पण त्याच्या बोटांतून उतरताना त्यातून तो स्वतः अलगद निसटायचा. तिन्ही वेळा त्याने कंट्रोल-झेड मारलं आणि ताईच्या डब्यातला घास घशाखाली ढकलला.

अकराव्या दिवशी सर शेवटचं प्रकरण आणणार होते. दुसऱ्या दिवशी पुस्तक छापखान्यात. साडेबारा वाजता टकटकरावाने दार लोटलं, पिल्लं कीबोर्डवरून उचलून कागदांवर ठेवली आणि कंट्रोल-झेड दाबायला सुरुवात केली. बेत सरळ होता. परिच्छेदापर्यंत मागे जायचं, त्याची नक्कल उचलायची, कंट्रोल-वायने पुन्हा आजपर्यंत यायचं आणि ती नक्कल जागच्या जागी ठेवून द्यायची. एकच पथ्य. मागे असताना एक अक्षरही नवं टाइप व्हायला नको. एक टिंब जरी पडलं, तरी पुढे यायची वाट कायमची बंद.

ओळी मागे जायला लागल्या. सरांची काठी गेली. चष्मा पातळ झाला. सरांची आठव्या प्रकरणात वारलेली बायको उठून बसली आणि सातव्यात चहाला आधण ठेवायला निघून गेली. डोक्यावरचे केस काळे होत होत सर चाळिशीत आले, आणि पडद्यावर परिच्छेद उभा राहिला. टकटकरावाचा हात सवयीने कंट्रोल-एसवर पडला. दर चार ओळींना फाइल जतन करायची त्याची खोडच होती.

नक्कल तेवढी उचलायची राहिली. त्याला ती उचलवेना. तो नुसता वाचत बसला.

“अंधारात काय बसलायस, बारक्या? दार का लोटलंस?”

एक वाजला होता. ताईच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात कोणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट. तिने टेबलाकडे पाहिलं. इथे कागद, तिथे पिल्लू, तिकडे पिल्लू. एकच मोकळी सपाट जागा दिसली आणि तिने डबा तिथे टेकवला.

कीबोर्डवर.

पडद्यावर ककककककक अशी आगगाडी निघाली.

“ताई!” तो असा किंचाळला की मांजर कपाटावर गेली. त्याने डबा उचलला, आगगाडी मागे घेतली. परिच्छेद जागेवर होता. मग कंट्रोल-वाय. फक्त आगगाडी आली. पुन्हा मागे. पुन्हा वाय. त्यापुढे काहीच नाही. अकरा दिवस, पाच प्रकरणं, सरांच्या बायकोचं सगळं आजारपण, सगळं गेलं होतं. आणि खोडीपायी जतन झाली होती तीही ही मागे नेलेलीच फाइल.

“अरे, डबाच तर ठेवला. असं काय झालं?”

“अकरा दिवसांचं काम गेलं.”

“माझ्यामुळे?” ताईने कोट छातीशी धरला.

तेवढ्यात काठी उंबऱ्यावर वाजली. सर आज दोन तास आधीच आले होते. शेवटचं प्रकरण पोटात मावत नव्हतं म्हणे. दिसत नसलं तरी दुकानात काहीतरी बिघडलंय, एवढं त्यांना लगेच उमगलं.

“काय झालं?”

“पाच प्रकरणं पुसली गेली, सर,” टकटकराव म्हणाला.

“कोणाच्या हातून?”

प्रश्न अगदी तसाच आला, चौतीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या दारात आला होता तसा. टकटकरावाने तोंड उघडायच्या आत ताई पुढे झाली.

“माझ्या हातून, सर. त्याचा काही दोष नाही.”

सरांची काठी हवेत थांबली. त्यांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली.

“बाळ, तू पुन्हा एकदा बोल.”

ताईचं लक्ष पडद्याकडे गेलं होतं. ती ओठ हलवत एकेक ओळ वाचत होती.

आता टकटकरावाने नुसतं गप्प बसायचं होतं. डबा ताईनेच ठेवला होता, या वेळी तर ते खरंही होतं. त्याचा डावा हात मांडीवर आपोआप ती दोन बटणं शोधायला लागला.

“सर,” तो म्हणाला, “तिने डबा ठेवला. पण फाइल मी मागे नेली होती. तुमचा त्या मुलीचा परिच्छेद मी काढून टाकला होता, तो परत आणायला. काढला, कारण सूक्ष्मदर्शक मी फोडला होता. आणि ती मुलगी ही. माझी ताई.”

सर खुर्ची चाचपत बसले. एक पिल्लू त्यांच्या मांडीत चढलं, त्यांनी ते चढू दिलं.

ताई वळली. टकटकरावाला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर नेहमीसारखी ‘जाऊ दे रे’ म्हणेल. दोन्ही झालं नाही.

“सूक्ष्मदर्शकाचा विषय कधी काढला का मी? पाचवीतलं पोर होतास. मी माझ्या मर्जीने अंगावर घेतलं, त्याचा हिशेब मी तुझ्याकडे मागितला नाही. पण हे कधी केलंस? सर मला शोधतायत, मला भेट म्हणतायत, हे कधी पुसलंस तू?”

“अकरा दिवस झाले.”

“म्हणजे दहा डबे खाल्लेस, हा अकरावा.”

यावर कुठलंच बटण नव्हतं.

“मी शोधलं तुला,” सर हळू म्हणाले. “फार उशिरा शोधलं, हेही खरं.”

“दोन गल्ल्या सोडून असते मी, सर,” ताई म्हणाली. “तुमच्या कोटाची बाही उसवलीय. काढून द्या, जाताना न्या.”

सरांनी आज्ञाधारक मुलासारखा कोट काढला. मग म्हणाले, “पाच प्रकरणं मी पुन्हा सांगेन. तोंडपाठ आहेत. पण या परिच्छेदात ‘मला कळले नाही’ असं एक वाक्य आहे, ते आता खोटं झालं. त्याच्यापुढचं कोण सांगणार?”

“मी सांगते. हा लिहील,” ताई म्हणाली. “मागे घ्यायचं बटण कुठलं रे ते?”

त्याने बोट ठेवलं. ताईने कमरेची छोटी कात्री काढली, तिचं टोक बटणाखाली घातलं आणि टाका उसवावा तसं झेडचं बटण टच्‌कन उपटलं. ते तिने कमरेच्या पिशवीतल्या कोटाच्या बटणांच्या डबीत टाकलं. जेवणाचा डबा त्याच्यासमोरून उचलून सरांपुढे ठेवला.

“हं,” ती म्हणाली. “माझा भाऊ तेव्हा पाचवीत होता. लिही.”

शिंकसुद्धा न सोडणारी ती बोटं गुळगुळीत बटणांवर आली आणि ‘माझा’ या शब्दावरच अडली. ताईने घाई केली नाही. सुईत दोरा ओवून ती सरांच्या बाहीला बसली.